व्यसनाच्या पेशंटला नियंत्रित औषध देता येतं का? कायदा कुठे अडवतो आणि कुठे नाही

आधी प्रश्न थोडक्यात. तालुक्याच्या गावात दवाखाना असलेल्या एका एमबीबीएस डॉक्टरांकडे अठ्ठावीस वर्षांचा मुलगा आला आहे. नवी मुंबईत लोडिंगच्या कामाला असतो. पूर्वी गर्द (हेरॉइन) ओढायचा. दीड वर्षापासून तिथल्या सरकारी केंद्रातून बुप्रेनॉर्फीन-नॅलॉक्सोन ही त्या व्यसनावरच्या उपचाराची गोळी घेतो, दिवसाला ८ मिलिग्रॅम, आणि तेव्हापासून ठीक आहे. सोयाबीन काढणीसाठी गावी आला, मुक्काम लांबला आणि काल गोळ्या संपल्या. आज मोटरसायकल घसरून कॉलरबोन मोडलं. मेडिकलवाला म्हणतो, ही गोळी आमच्याकडे येतच नाही. डॉक्टर विचारतात: मी ही गोळी लिहू शकतो का? दुखण्यासाठी ट्रामाडोल लिहिलं तर एनडीपीएसमध्ये (अमली पदार्थविरोधी कायद्यात) अडकेन का? उद्या कोणी म्हणालं की गर्दुल्ल्याला नशेचं औषध दिलं, तर काय उत्तर द्यायचं?

डॉक्टर, तुमच्या प्रश्नात तीन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतलेत. व्यसनाचा उपचार म्हणून नियंत्रित औषध देणं हा एक. व्यसन असलेल्या माणसाला दुसऱ्याच कारणासाठी, म्हणजे इथे हाड मोडल्याच्या दुखण्यासाठी, नियंत्रित औषध देणं हा दुसरा. आणि औषध तुटल्यामुळे होणारा त्रास तात्पुरता सावरणं हा तिसरा. कायदा या तिघांकडे वेगवेगळ्या नजरेने बघतो. पेशंट व्यसनी आहे म्हणून त्याला नियंत्रित औषध देऊच नये, असं आपल्याकडच्या कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नाही. औषध कोणतं, कशासाठी, कोणाच्या हातून, कुठून आलं आणि त्याची नोंद कुठे आहे, एवढंच कायदा विचारतो. ही पाच उत्तरं कागदावर असतील तर घाबरण्यासारखं काही नाही. यातलं एक जरी खोटं असेल, तर हेतू कितीही चांगला असो, त्याचा उपयोग नाही.

कायद्यांची मांडणी आधी समजून घ्या, म्हणजे पुढचं सोपं जाईल. एनडीपीएस कायदा १९८५ चा. त्याचं कलम ८(क) अमली आणि मनोव्यापारावर परिणाम करणाऱ्या पदार्थांचा सगळा व्यवहार बंद करतं, पण त्याच वाक्यात वैद्यकीय आणि वैज्ञानिक कारणांचा अपवाद आहे. त्या अपवादाला मात्र शेपूट आहे: कायदा आणि नियमांनी ठरवलेल्या रीतीने आणि तेवढ्याच मर्यादेत. दुसरीकडे १९४५ चे औषध नियम. चिठ्ठी कशी असावी, मेडिकलने काय नोंदवावं, डॉक्टरने स्वतःकडचं औषध कसं द्यावं, हे त्यात येतं. हे दोन कायदे एकमेकांना पर्याय नाहीत, दोन्ही एकाच वेळी लागू असतात. एनडीपीएसचं कलम ८० नेमकं हेच सांगतं. बरीच वर्षं असा समज होता की ड्रग लायसन्स किंवा चिठ्ठी असली की एनडीपीएसचा संबंध संपतो, विशेषतः ज्या पदार्थांचं नाव कायद्याच्या परिशिष्टात आहे पण एनडीपीएस नियमांच्या पहिल्या परिशिष्टात नाही त्यांच्याबाबतीत. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये संजीव देशपांडे प्रकरणात हा समज खोडून काढला आणि एप्रिल २०२५ मध्ये राजकुमार अरोरा प्रकरणात पुन्हा तेच सांगितलं. हे दुसरं प्रकरण नेमकं बुप्रेनॉर्फीनचंच होतं. तेव्हा ‘ही तर एच-वन (चिठ्ठीवरच आणि वेगळ्या रजिस्टरला नोंदवून विकायची) गोळी आहे, एनडीपीएस कुठून आलं’ हा युक्तिवाद आता टिकणार नाही.

तिसरा कायदा मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७. तो २०१८ पासून लागू आहे. मानसिक आजाराच्या त्याच्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी जोडलेल्या अवस्था स्पष्ट शब्दांत आहेत. त्यामुळे गोपनीयता, संमती, जबरदस्तीने भरती, केंद्राची नोंदणी हे सगळं तुमच्या या पेशंटलाही लागू होतं.

आता बुप्रेनॉर्फीन. एनडीपीएसच्या भाषेत ही गोळी अमली पदार्थात, म्हणजे मॉर्फीन-मेथाडोनच्या गटात, मोडत नाही. ती मनोव्यापारावर परिणाम करणाऱ्या पदार्थांच्या परिशिष्टात आहे. औषध नियमांत ती शेड्यूल एच-वनमध्ये आहे. एवढंच असतं तर तुम्ही चिठ्ठी लिहिली असती, मेडिकलने रजिस्टरला नोंदवून दिली असती आणि विषय मिटला असता. अडचण येते ती परवानगीच्या अटीत. व्यसनोपचारासाठीच्या या गोळ्यांना, साध्या आणि नॅलॉक्सोनच्या जोडीच्या, केंद्रीय औषध नियंत्रकांनी परवानगी दिली तीच अशी की पुरवठा व्यसनमुक्तीची सोय असलेल्या केंद्रांना आणि रुग्णालयांना व्हावा, किरकोळ दुकानातून विक्री नको. म्हणजे तुमचा मेडिकलवाला अडवणूक करत नाहीये. त्याच्या स्टॉकिस्टकडे ती गोळी येण्याची वाटच नाही. तुम्ही चिठ्ठी लिहिलीत तर ती बेकायदा ठरेल असं नव्हे, पण तिच्यावर माल मिळणार नाही आणि पेशंट ती घेऊन चार गावं हिंडेल. ते हिंडणंच धोक्याचं.

इथे एक पळवाट सगळ्यांना सुचते, म्हणून स्पष्ट लिहितो. दुखण्यासाठीची ०.२ मिलिग्रॅमची बुप्रेनॉर्फीन गोळी आणि ०.३ मिलिग्रॅमचं इंजेक्शन दुकानात मिळू शकतं. ‘हाड मोडलंय, दुखण्यासाठी लिहितो, तेवढंच त्याचंही भागेल’ असा विचार मनात येतो. हिशेब करा: ८ मिलिग्रॅम म्हणजे ०.२ च्या चाळीस गोळ्या, रोज. चाळीस गोळ्या दुखण्यासाठी लिहिल्याचं कुठलाही औषध निरीक्षक मान्य करणार नाही, आणि खरं सांगायचं तर करूही नये. चिठ्ठीवरचं कारण आणि मनातलं कारण वेगळं झालं की ती नोंद खोटी झाली. इंजेक्शनचं तर नावच नको. ज्याने ओढायचं सोडलंय त्याच्या हातात सुई देणं म्हणजे आगीतून फुफाट्यात.

मग गोळी मिळणार कुठून? पहिला फोन नवी मुंबईच्या केंद्राला, पेशंटसमोर आणि त्याच्या संमतीने. त्यांच्याकडून चार गोष्टी घ्या: सध्याचा डोस, शेवटची गोळी कधी आणि किती दिवसांची दिली, साधी की नॅलॉक्सोनची जोडी, आणि दुसऱ्या केंद्रात तात्पुरता डोस मिळावा म्हणून पत्र. पत्राचा फोटो आधी आला तरी चालतो, मूळ पत्र मागाहून. दुसरा फोन जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागाला: तुमच्याकडे व्यसनोपचाराचं केंद्र किंवा ओएसटी (व्यसनाच्या पदार्थाच्या जागी अशी गोळी देण्याचा उपचार) आहे का, आज साठा आहे का? हे विचारल्याशिवाय मोडलेल्या खांद्याने त्याला साठ किलोमीटर एसटीत बसवू नका. कुठे केंद्र आहे तेच माहीत नसेल तर व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आणि एचआयव्हीची १०९७ उपयोगी पडतात. ओएसटीचा बराचसा कार्यक्रम ‘नॅको’मार्फत, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेमार्फत, चालतो म्हणून दुसरा नंबर. घरच्या कोणाला तिथून गोळ्या आणायला पाठवायचं का, हे त्या केंद्राच्या पद्धतीवर आहे. काही ठिकाणी ओळख पटवून देतात, काही ठिकाणी समोर जिभेखाली विरघळल्याशिवाय हलूच देत नाहीत.

‘केंद्रातल्या डॉक्टरांनी व्हॉट्सॲपवर चिठ्ठी पाठवली तर?’ नाही चालत. २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांत शेड्यूल एक्सची (औषध नियमांतल्या सर्वांत कडक यादीतली) औषधं आणि एनडीपीएसमधले पदार्थ दूरस्थ सल्ल्यावर लिहायला मनाई आहे. त्या डॉक्टरांनी तुम्हाला माहिती देणं वेगळं आणि पेशंटला फोनवरून बुप्रेनॉर्फीन लिहून देणं वेगळं. पहिलं करायलाच हवं, दुसरं नको.

आता बहात्तर तासांबद्दल, कारण हा घोळ मी वारंवार बघतो. इंटरनेटवर शोधलं की ‘केंद्राची नोंदणी नसलेला डॉक्टरही तीन दिवस व्यसनमुक्तीचं औषध देऊ शकतो’ असं वाचायला मिळतं. तो अमेरिकेचा नियम आहे. तिथे केंद्रात पाठवण्याची व्यवस्था होईपर्यंत, तोडाचा, म्हणजे औषध तुटल्याने होणारा, त्रास आवरण्यासाठी कमाल तीन दिवसांची मुभा आहे. बुप्रेनॉर्फीन लिहिण्यासाठी तिथे लागणारी वेगळी परवानगीसुद्धा डिसेंबर २०२२ च्या कायद्याने रद्द झाली. आपल्या एनडीपीएसमध्ये असा तीन दिवसांचा नियम नाही. आपल्याकडे बहात्तर तास येतात ते मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ९४ मध्ये. जीव जाण्याचा, कायमची इजा होण्याचा किंवा स्वतःला-दुसऱ्याला गंभीर इजा करण्याचा धोका असेल तर कोणताही नोंदणीकृत डॉक्टर कुठेही तातडीचा उपचार करू शकतो, नामनिर्देशित प्रतिनिधी (पेशंटच्या वतीने निर्णय घेणारा माणूस) हजर असल्यास त्याच्या संमतीने, जास्तीत जास्त बहात्तर तास किंवा मानसिक आरोग्य आस्थापनेत तपासणी होईपर्यंत. हे कलम तुम्हाला उपचाराचा अधिकार देतं. जे औषध तुमच्याकडे कायदेशीर मार्गाने आलेलंच नाही, ते मिळवण्याचा परवाना देत नाही.

आज दवाखान्यात तुमच्या हातात काय आहे ते बघू. बुप्रेनॉर्फीन शरीरातून सावकाश उतरतं. काल शेवटची गोळी घेतली असेल तर खरा त्रास आज रात्री किंवा उद्यापासून सुरू होईल आणि तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सर्वांत जास्त असेल. धडधाकट माणसाचा यात सहसा जीव जात नाही. जीव जातो तो त्रास सहन न होऊन पुन्हा गर्द घेतल्याने, कारण सहनशक्ती उतरलेली असते आणि तो पूर्वीच्याच मापाने घेतो. म्हणून त्रास कमी करणं हा सोपस्कार नाही. क्लोनिडीन ०.१ मिलिग्रॅम, दिवसातून दोन-तीनदा, प्रत्येक डोसआधी रक्तदाब बघून. वरचा आकडा ९० च्या खाली असेल किंवा उभं राहिल्यावर चक्कर येत असेल तर तो डोस टाळायचा. जुलाबाला लोपेरामाइड, आधी ४ मग २ मिलिग्रॅम, दिवसाला १६ च्या वर नाही, आणि पूर्ण पाकीट हातात नाही, कारण मोठ्या मात्रेत ते हृदयाचे ठोके बिघडवतं. उलटीला ऑन्डॅनसेट्रॉन. यातलं एकही एनडीपीएसमध्ये येत नाही, तुमची साधी चिठ्ठी पुरते. झोपेसाठी अल्प्राझोलाम मागतील, बहुधा आई-वडीलच मागतील. देऊ नका. बुप्रेनॉर्फीन आणि बेन्झोडायझेपीन (अल्प्राझोलाम, डायझेपाम यांचा गट) एकत्र आलं की श्वास मंदावण्याचा धोका वाढतो, आणि उद्या केंद्रात डोस सुरू होईल तेव्हा ती गोळी शरीरात असेल.

एक सूचना. या दोन-तीन दिवसांत त्याने कुठून गर्द घेतलं असेल आणि मग लगेच बुप्रेनॉर्फीन मिळालं, तर तोड अचानक आणि जोरात येते. केंद्रात पाठवताना ‘गावी आल्यावर काही घेतलं का’ हे विचारून, मिळालेलं उत्तर पत्रात लिहा. विचारताना पोलिसी सूर आला की उत्तर खोटं मिळतं.

दुखण्याचा भाग. कायद्याचं उत्तर सोपं आहे: ट्रामाडोल एप्रिल २०१८ पासून एनडीपीएसच्या परिशिष्टात आहे आणि त्याआधीपासून एच-वनमध्येही. नोंदणीकृत डॉक्टरने, तपासून, दुखण्यासाठी, योग्य मात्रेत आणि रीतसर चिठ्ठीवर ते लिहिलं तर तो गुन्हा नाही, पेशंट व्यसनी असला तरीही. माझं मत विचाराल तर या पेशंटला मी ते लिहिणार नाही, पण त्याचं कारण कायदा नव्हे. मेंदूत ही औषधं ज्या जागी चिकटतात त्या रिसेप्टरला बुप्रेनॉर्फीन घट्ट धरून बसतं, त्यामुळे पहिला दिवस-दीड दिवस ट्रामाडोलचा फारसा उपयोग होत नाही. पेशंट म्हणतो गुण नाही, आपण डोस वाढवतो, तोवर बुप्रेनॉर्फीन उतरलेलं असतं आणि तोच वाढवलेला डोस जास्त चढतो. शिवाय ट्रामाडोलने फिट येऊ शकते. पेन्टाझोसीनचं इंजेक्शन, जे छोट्या दवाखान्यांत हाताशी असतं, ते तर अजिबात नको. ज्याच्या शरीरात हेरॉइन किंवा मेथाडोन आहे त्याला ते तोड आणतं, आणि त्याचं स्वतःचंही व्यसन लागतं.

साध्या, जागेवर असलेल्या कॉलरबोनला खांद्याची झोळी, पॅरासिटामॉल १ ग्रॅम दिवसातून तीनदा आणि जेवणानंतर आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम तीनदा एवढं बहुतेकांना पुरतं. किडनी आणि अल्सरची चौकशी आधी. बुप्रेनॉर्फीन पुन्हा सुरू झाल्यावर केंद्राला सुचवा की तेच ८ मिलिग्रॅम एकदम न देता दिवसात तीन-चार वेळा विभागून द्यावं. व्यसनासाठी दिवसातून एकदा पुरतं. दुखणं थांबवण्याचा त्याचा परिणाम मात्र सहा ते आठ तासच टिकतो. त्याच औषधात, नवीन काही न वाढवता, दुखणं बरंच आवरतं. हाड सरकलंय, ऑपरेशन लागणार असं वाटलं तर भूलतज्ज्ञ असलेल्या रुग्णालयात पाठवा आणि पत्रात ठळक लिहा की हा बुप्रेनॉर्फीनवर आहे, ते बंद करू नये. तिथे मॉर्फीन लागलं तर त्याचे नियम वेगळे. २०१४ च्या दुरुस्तीनंतर मॉर्फीन, फेन्टानिल, मेथाडोन, कोडीन, ऑक्सिकोडोन आणि हायड्रोकोडोन ही सहा औषधं ‘अत्यावश्यक अमली औषधं’ म्हणून अधिसूचित झाली आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था ती ठेवू शकतात. एकट्या डॉक्टरलाही स्वतःच्या पेशंटला प्रत्यक्ष देण्यासाठी ५०० मिलिग्रॅमपर्यंत मॉर्फीन जवळ बाळगता येतं, विकण्यासाठी किंवा घरी देण्यासाठी नाही.

इथवरचं दोन ओळींत: बुप्रेनॉर्फीन केंद्रातूनच, तोडाचा त्रास साध्या औषधांनी, दुखणं आधी ओपिऑइडशिवाय, म्हणजे अफूच्या गटातल्या औषधांशिवाय. आणि केंद्र व तुम्ही एकमेकांशी फोनवर.

नोंदी कशा ठेवायच्या हे तुम्ही विचारलं नाहीत, पण अडकतात ते इथेच. एच-वनच्या चिठ्ठीवर पेशंटचं नाव-पत्ता, तारीख, औषधाची ताकद, डोस आणि एकूण गोळ्या हव्यात. एकूण संख्या मी आकड्यात आणि अक्षरात लिहितो, ‘६ (सहा)’, कारण सहाच्या पुढे शून्य सहज वाढतं. खाली निदान, सही, वैद्यकीय परिषदेचा नोंदणी क्रमांक. पुन्हा देता येईल असं डॉक्टरने चिठ्ठीवर लिहिलं नसेल, तर मेडिकलने ती एकदाच चालवायची आणि तिच्यावर दुकानाचं नाव व तारीख टाकायची असते. बऱ्याच ठिकाणी हा शिक्का मारलाच जात नाही, आणि मग एकाच चिठ्ठीवर तीन दुकानं फिरतात. एच-वनचं वेगळं रजिस्टर तीन वर्षं जपायचं असतं. त्यात तुमचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव आणि संख्या असते. निरीक्षक तुमच्यापर्यंत पोचतो तो याच रजिस्टरवरून. ‘बटन’ म्हणून विकल्या जाणाऱ्या नायट्राझेपामच्या तपासात चिठ्ठ्या कोणाच्या होत्या हा प्रश्न येतो, तेव्हा ज्यांनी कोऱ्या लेटरहेडवर सह्या करून ठेवलेल्या असतात त्यांची पंचाईत होते.

तुमच्या कपाटातलं औषध तुम्ही स्वतः देत असाल, समजा तातडीला डायझेपाम, तर औषध नियमांचं शेड्यूल के तुम्हाला विक्रीच्या परवान्यातून सूट देतं, पण अटींवर. दुकान मांडलेलं नसावं, पेशंट स्वतःचा असावा, माल परवानाधारकाकडूनच घेतलेला असावा आणि त्याची बिलं असावीत. वर नियंत्रित औषधासाठी रजिस्टर हवं. एक ओळ अशी दिसते: ‘क्र. ११७, तारीख, नाव, गाव, डायझेपाम ५ मिलिग्रॅम, ६ गोळ्या, सकाळ-रात्र एक, ३ दिवस, सही’. तोच ११७ हा आकडा पाकिटावर, सोबत तुमचं नाव-पत्ता आणि डोस. रजिस्टर शेवटच्या नोंदीपासून दोन वर्षं ठेवायचं. हा क्रमांक पाकिटावर टाकणारे डॉक्टर फार कमी, पण तपासणीत पहिल्यांदा तोच बघितला जातो.

दारूच्या तोडाचा पेशंट असता तर मी नेमकं उलटं सांगितलं असतं. तिथे हात आखडता घेणं जीवावर बेतू शकतं. फिट, भ्रम, ताप, नाडी एकशेवीस असा माणूस समोर असताना ‘व्यसनी आहे, बेन्झो कशी देऊ’ म्हणत बसू नये. डायझेपाम किंवा यकृत खराब असल्यास लोराझेपाम, ग्लुकोजच्या आधी थायमिन, आणि रवानगी. घरी उतरवायचं असेल तर क्लोरडायझेपॉक्साइड पाच ते सात दिवसांत कमी करत बंद, दोन-दोन दिवसांचंच घरच्यांच्या हाती.

पेशंटने जवळ किती गोळ्या बाळगायच्या, हेही त्याला सांगा. एनडीपीएस नियम ६६ प्रमाणे स्वतःच्या उपचारासाठी एका वेळी १०० मात्रा-एककं, म्हणजे इथे १०० गोळ्यांपर्यंत, ठेवता येतात. दीर्घ उपचारासाठी डॉक्टरने तसं स्पष्ट लिहिलं असेल तर ३०० पर्यंत. २ मिलिग्रॅमच्या चार गोळ्या रोज, म्हणजे शंभर गोळ्या पंचवीस दिवसांच्या. आता कागद नसला तर काय होतं ते बघा. बुप्रेनॉर्फीनचं ‘अल्प प्रमाण’ १ ग्रॅम आणि ‘व्यावसायिक प्रमाण’ २० ग्रॅम. हिरा सिंग प्रकरणात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मिश्रणाचं सगळं वजन धरायचं, नुसत्या औषधाचं नाही. एका गोळीचं वजन १०० मिलिग्रॅम धरलं तर दहा गोळ्यांतच एक ग्रॅम होतो आणि दोनशे गोळ्यांत वीस ग्रॅम, आणि त्याच्या वर गेलं की किमान शिक्षा दहा वर्षं आहे आणि जामीनही मुश्कील. म्हणजे ज्या तीनशे गोळ्या कागद असताना उपचार ठरतात, त्याच कागद नसताना व्यावसायिक प्रमाणात मोडतात. गोळ्या मूळ स्ट्रिपमध्ये, केंद्राचं कार्ड आणि पत्र सोबत, आणि सुट्या गोळ्या पुडीत बांधून खिशात कधीच नाहीत.

पोलीस आले तर? पेशंट व्यसनी आहे एवढ्यावरून पोलिसांना कळवण्याचं बंधन एनडीपीएसने डॉक्टरवर घातलेलं नाही, आणि मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २३ ने उलट गोपनीयता सांगितली आहे. अपघाताची एमएलसी (पोलिसांना कळवायची वैद्यकीय नोंद) करावी लागत असेल तर ती अपघाताची करा. व्यसनाचा उपचार हा त्या कागदाचा मथळा नव्हे. लेखी मागणी आली तर जेवढं मागितलं आणि कायद्याने द्यावं लागतं तेवढंच द्या. पेशंटवर सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा गुन्हा असेल आणि तो स्वेच्छेने उपचार घेऊ इच्छित असेल तर एनडीपीएसचं कलम ६४-अ त्याला खटल्यापासून संरक्षण देतं. पण उपचार सरकारी किंवा सरकारमान्य संस्थेत हवा आणि तो पूर्ण व्हायला हवा, अर्धवट सोडला तर संरक्षण काढून घेता येतं. खासगी दवाखान्यातल्या उपचाराने ते आपोआप मिळत नाही, म्हणून केंद्राचं नाव कागदावर असणं इथेही महत्त्वाचं.

घरच्यांचा आणखी एक आग्रह असतो: ‘एखाद्या केंद्रात दोन-तीन महिने कोंडूनच टाका.’ संमतीशिवाय भरती मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ८९ खाली होते, तिची कारणं ठरलेली आहेत, मुदत तीस दिवस, आणि मानसोपचारतज्ज्ञासह दोघांनी स्वतंत्रपणे तपासावं लागतं. गोळीवर दीड वर्ष नीट असलेल्या माणसाला ते लागूच होत नाही. राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी नसलेल्या ठिकाणी पाठवलंत तर गोळी तोडली जाण्याची शक्यता मोठी.

शेवटी, तुम्हाला स्वतःला हा उपचार सुरू करायचा असेल तर काय लागतं हे परिस्थितीवर अवलंबून आहे. पंजाबने स्वतःचे वेगळे नियम केलेत, प्रत्येक राज्यात तसं नाही. पण तीन गोष्टी कुठेही लागतात: मानसिक आरोग्य आस्थापना म्हणून नोंदणी, या उपचाराचं प्रशिक्षण, आणि गोळी-गोळीचा साठा-हिशेब, म्हणजे आरंभीची शिल्लक, आवक बॅच क्रमांकासह, दिलेल्या, तुटलेल्या, उरलेल्या, आणि रोज दोघांच्या सह्या. मेथाडोन ठेवायचं तर मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेची वेगळी मान्यता आणि ओएसटीचं प्रशिक्षण घेतलेला नियुक्त डॉक्टर. तुमच्या भागातून मुंबई-पुण्याला जाऊन गोळी आणणारे चार-पाच जण असतील, तर आधी जिल्हा शल्यचिकित्सकांना भेटून जिल्हा रुग्णालयातच ही सोय मागणं जास्त सोपं जाईल.

आजच्या पत्राचा मजकूर एवढा ठेवा: बुप्रेनॉर्फीन-नॅलॉक्सोन ८ मिलिग्रॅम रोज, शेवटचा डोस अमुक तारखेला अमुक वाजता, कॉलरबोनचं हाड मोडलंय, आज दिलेली औषधं ही, गावी आल्यावर गर्द घेतलं किंवा नाही, आणि तुमचा मोबाइल नंबर. एक प्रत त्याच्या हातात, एक तुमच्या फाइलमध्ये.